अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत

कोणत्याही पंचायत समितीत मंजूर कामांची यादी मागवली, तर पहिल्याच पानावर एक ओळ भेटते. ‘मौजे अमुक येथे श्री. अमुक यांच्या घरापासून श्री. तमुक यांच्या घरापर्यंत रस्ता काँक्रीटीकरण करणे.’ तिच्या खाली ‘श्री. तमुक यांच्या घरापासून मारुती मंदिरापर्यंत’, मग ‘मारुती मंदिरासमोर पेव्हर ब्लॉक बसवणे’ आणि पान उलटलं की ‘मारुती मंदिरासमोर सभामंडप बांधणे’. अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा. १४ तालुके आणि तेराशेहून जास्त ग्रामपंचायती. त्यात असे अमुक आणि तमुक किती, हे मोजायचं तर निदान एक उपसमिती नेमावी लागेल. गंमत अशी की अमुकांच्या घरून निघून तमुकांच्या घरी जाणारा माणूस गावात सहसा सापडत नाही. बांधावरून त्या दोघांचं बोलणं कधीचंच बंद झालेलं असतं. रस्ता त्यांच्या येण्याजाण्यासाठी नसतोच. मंजूर रक्कम अमुकांच्या उंबऱ्याशी सुरू होऊन तमुकांच्या गोठ्यापाशी संपते, म्हणून रस्ताही तिथंच संपतो. पुढं चिखल. त्या चिखलाचं नाव पुढच्या आर्थिक वर्षाच्या आराखड्यात. गावाला गरज असते आणि सरकार तिला पैसा पुरवतं, असं शाळेतल्या नागरिकशास्त्रात शिकवतात. प्रत्यक्षात पैसा आधी येतो आणि त्याला शोभेलशी गरज गावानं शोधून द्यायची असते. सरपंचांपासून मंत्रालयापर्यंतची सगळी यंत्रणा या वधूसंशोधनात गुंतलेली आहे. तिला नावं ठेवण्याचं कारण नाही, ती फार मन लावून काम करते. प्रश्न इतकाच की या लग्नात गावाला कुणी विचारतं का, आणि विचारलं तरी गाव उत्तर द्यायला येतं का.

पैशाला गावात पैसा म्हणत नाहीत, त्याला आकड्यानं हाक मारतात. ‘पंचवीस-पंधरातून दहा लाख आणले’ असं पारावर कुणी म्हणालं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. २५१५ हे सरकारी अंदाजपत्रकातलं ग्रामविकासाचं लेखाशीर्ष. पण मुंबईतल्या अर्थखात्याबाहेर ते कुणाच्या ओठावर असेल, तर ते पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या पारावरच्या माणसाच्या. त्याच्या सोबतीला रस्त्यांचे ‘तीस-चोपन्न’ आणि ‘पन्नास-चोपन्न’ असतात. शिवाय ‘जनसुविधा’, ‘दलित वस्ती’, ‘जिल्हा नियोजन’, आमदार निधी आणि वर्षाला ५ कोटींचा खासदार निधी. प्रत्येक निधीचा स्वभाव वेगळा आणि प्रत्येकाला नैवेद्यही वेगळा लागतो. एक स्मशानभूमीच्या शेडवर प्रसन्न होतो, दुसऱ्याला व्यायामशाळाच हवी, तिसरा बाकड्यांशिवाय दुसऱ्या कशाकडं बघत नाही. मग नेता आणि सरपंच यांच्यात जे बोलणं होतं ते साधारण असं. ‘साहेब, गावाला पाण्याची लाईन पाहिजे.’ ‘पाण्याचं आत्ता काही नाही. सभामंडप घ्या.’ ‘सभामंडप आहे की साहेब.’ ‘मग त्याच्यापुढं ब्लॉक घ्या.’ ‘ते बी झालेत.’ ‘मग हायमास्ट घ्या. मंडप आणि ब्लॉक रात्री पण दिसतील.’ सरपंच हायमास्ट घेतात. नाही म्हणणारा सरपंच अजून जन्माला यायचा आहे, आणि त्याला दोष देता येत नाही. आपण नको म्हटलेला दिवा शेजारच्या गावात लागलेला पाहणं हे राजकीय आत्महत्येइतकं गंभीर असतं. अशा रीतीनं ज्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येतं, त्या गावात पाणी कुठल्या दिवशी आलं नाही हे रात्री अकरालाही लख्ख दिसतं.

ही तक्रार जुनी झाली, आता पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो, असं कुणी म्हणेल. खरंच येतो. १४ व्या वित्त आयोगानं २०१५ पासून तो थेट पाठवला. १५ व्यानं त्यातला काही वाटा जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला द्यायला लावला, म्हणून महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के वरच्या दोघांना, अशी वाटणी झाली. पण दारात आलेल्या या पैशाच्या पायात साखळी आहे. १५ व्या आयोगात २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे फक्त पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवर खर्चायचा. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे मोकळा. मात्र पगार आणि आस्थापना यांवर त्यातला एक रुपया खर्चायचा नाही. पाणी-स्वच्छतेला पैसा राखून ठेवण्यामागचा हेतू निर्मळ आहे, यात शंका नाही. पण बंधित पैसा गटारीवर आणि पाइपांवर उदार होतो, तर पाणी सोडणाऱ्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा पगार निदान काही अंशी ग्रामपंचायतीला आपल्या वसुलीतून भागवावा लागतो, आणि वसुलीचं काय होतं ते पुढं येईलच. पाइप नवे, टाकी नवी, व्हॉल्व्ह नवा आणि तो फिरवणारा माणूस तीन महिन्यांच्या थकलेल्या पगारावर रुसून घरी बसलेला, असं चित्र त्यामुळं तयार होतं. शिवाय हा पैसा २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, गावाचे ‘भाऊसाहेब’) या दोघांच्या डिजिटल सहीनं निघतो. सही डोंगलमध्ये असते. दोन डोंगल, दोन माणसं, एकमेकांवर नजर, अशी रचना दिल्लीत बसून पाहिली तर निर्दोष आहे. गावात मात्र दोन्ही डोंगल बऱ्याचदा संगणक ऑपरेटरच्या एकाच खणात शेजारी शेजारी सुखानं नांदतात. सरपंचपद महिलेसाठी राखीव असेल, तर तिच्या डोंगलची चौकशी तिच्या यजमानांकडं करावी लागते. ‘मॅडम कुठं आहेत?’ ‘शेतात गेल्यात. काय असेल ते मला सांगा, सरपंच मीच हाय.’ महाराष्ट्रानं पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण दिल्याला दीड दशक होत आलं. यजमानांची संख्या कायद्यात कुठंच नोंदलेली नाही, तरी गणपूर्ती तीच करते.

आता रचनांकडं वळू, कारण पैशाइतकाच आपला रचनांवर जीव आहे. सामूहिक विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ ला सुरू झाला. तो लोकांपर्यंत का पोचत नाही हे बलवंतराय मेहता समितीनं १९५७ मध्ये सांगितलं. महाराष्ट्रात ते कसं अमलात आणावं हे वसंतराव नाईक समितीनं सांगितलं आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा जन्माला आल्या. त्या कशा चालल्यात हे बघायला बोंगिरवार समिती आली, मग प्रा. पी. बी. पाटील समिती. नंतर ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि पंचायतींच्या नावानं २९ विषयांची यादी राज्यघटनेत गेली. समित्यांची ही वंशावळ पाहिल्यावर खाली गावात काय पेरलं गेलं असेल याचा अंदाज येतो. आज एका मध्यम आकाराच्या गावात ग्रामविकास समिती, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, शाळा व्यवस्थापन समिती, रेशनची दक्षता समिती, बाल संरक्षण समिती, जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तंटामुक्त गाव समिती असते. डोंगराकडं, अकोले तालुक्याच्या बाजूला गेलात तर संयुक्त वन व्यवस्थापन समिती आणि वनहक्क समितीही. यांतली प्रत्येक समिती कोणत्या ना कोणत्या चांगल्या कायद्याच्या किंवा चांगल्या शासन निर्णयाच्या पोटी आलेली आहे, आणि प्रत्येकीला स्वतंत्र रजिस्टर आहे. फक्त माणसं स्वतंत्र नाहीत. गावात सभेला बसायला तयार असलेली माणसं असतात आठ. त्यांत दोघे निवृत्त गुरुजी, एक माजी सरपंच, एक भावी सरपंच, बचत गटाच्या दोन ताई, एक सतत विरोध करणारा आणि एक चहा येईपर्यंत थांबणारा. हेच आठ जण सकाळी जैवविविधता सांभाळतात, दुपारी बालकांचं संरक्षण करतात आणि संध्याकाळी तंटे मिटवतात, तेही बहुधा आपसांतले. १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्ती सुरू झाली, तेव्हापासून तिच्या अध्यक्षाची निवड हा गावातला एक खात्रीचा वार्षिक तंटा झाला आहे. बाकी गावकऱ्यांना आपण कोणत्या समितीवर आहोत हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवरून कळतं. ‘भाऊसाहेब, भिंतीवर माझं नाव कसं काय?’ ‘तुम्ही गेल्या चार वर्षांपासून सदस्य आहात.’ ‘मग मी काय काम केलं?’ ‘उत्तम केलंत. दर तिमाहीला तुमची सही आहे.’

या सगळ्या समित्यांची आई म्हणजे ग्रामसभा, आणि आईचे हाल कुणी पाहू नयेत. कायद्याच्या पुस्तकात ती सर्वोच्च आहे. वर्षाच्या विकास आराखड्याला मंजुरी तिची, लाभार्थ्यांची निवड तिची, खर्चाचा जाब विचारण्याचा अधिकार तिचा. राज्यानं ‘आमचं गाव, आमचा विकास’ अशी मोहीम काढली, तीही तिच्याच भरवशावर. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. तीन हजार मतदारांच्या गावात शंभर डोकी जमवायची, म्हणजे एका मध्यम लग्नाच्या हळदीइतकीही गर्दी नको. तरीही ती जमत नाही. पण कायदा करणाऱ्यांना गाव ठाऊक होतं. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. हा नियम म्हणजे संसदीय लोकशाहीला मराठी मातीनं दिलेली देणगीच म्हणायला हवी. त्यामुळं जाणती माणसं मूळ सभेला जात नाहीत, तिथं उगाच गणपूर्ती व्हायचा धोका असतो. तहकूब सभेला ती आठही येतात आणि पंचवार्षिक आराखडा चहा गार व्हायच्या आत संमत होतो. महिला ग्रामसभा त्याआधी घ्यावी लागते. ती झाल्याची सही दळणाला निघालेल्या एखाद्या काकूंच्या वाटेत रजिस्टर आडवं धरून मिळवतात. लोक अडाणी आहेत, आळशी आहेत, असा निष्कर्ष यावरून शहरातले लेखक काढतात, आणि प्रस्तुत लेखकही स्वतःच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला दांडी मारून अगदी तोच काढण्याच्या बेतात होता. पण तो टिकत नाही. ग्रामसभेत काय ठरतं त्यानं येणाऱ्या रकमेत फरक पडत नाही, हे लोकांनी बरोबर ओळखलंय. रक्कम पोर्टलवर ठरलीय, तिचा उपयोग परिपत्रकात ठरलाय, काम साहेबांनी ठरवलंय, आणि ठेकेदार कोण हे ज्याला ठाऊक नाही तो गावचा नाही. उरतो तो फक्त उपस्थितीचा रकाना. शहाणा माणूस त्यासाठी कांदा काढायचा सोडून येत नाही.

इथं एक मोठा आक्षेप उभा राहतो, आणि तो याच जिल्ह्यातला असल्यानं त्याला बगल देता येत नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार. हेच शासन, हेच निधी, हीच ग्रामसभा, आणि तरी दोन्ही गावं जगाच्या नकाशावर. पारनेर तालुक्यातल्या राळेगणला अण्णा हजारे १९७५ मध्ये परतले. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले आणि १९९० च्या दशकात गाव आदर्श गाव योजनेत आलं. त्यामुळं अख्ख्या महाराष्ट्रातून अभ्यास दौरे इकडं येतात. दौऱ्याचा मार्ग ठरलेला. सकाळी राळेगण, दुपारी हिवरे बाजार, संध्याकाळी शनिशिंगणापूर, मुक्काम शिर्डी. चारांपैकी अभ्यास नेमका कोणत्या ठिकाणी झाला हे परतल्यावर प्रसादाच्या पिशवीवरून कळतं. (आमच्या जिल्ह्यातल्या पंचायत सदस्यांना दोन्ही गावं घरचीच असल्यानं तिथं अभ्यास होऊ शकत नाही. ते अभ्यासाला छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याला जातात, तिथून वेरूळचं घृष्णेश्वर जवळ पडतं.) हिवरे बाजारात पाहुणे पहिला प्रश्न विचारतात, ‘हे कोणत्या योजनेतून केलं?’ आणि उत्तर ऐकून हिरमुसतात, कारण फक्त त्या गावापुरती अशी वेगळी योजनाच नव्हती. पाणलोटाची बरीचशी कामं रोजगार हमीच्या आणि वनखात्याच्या त्याच पैशातून झाली जो शेजारच्या गावांनाही मिळत होता. रोजगार हमी तर वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघून १९७७ मध्ये कायदा झालेली, याच मातीतली. वेगळं होतं ते आधीचं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान, आणि मग सिंचनासाठी बोअर घ्यायचं नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडायचा आणि पाणी कमी असेल तर कोणतं पीक घ्यायचं नाही हेही ठरवायचं. ऊस नाही, केळी नाही. उसाच्या जिल्ह्यात ऊस नाही म्हणणं हा काय प्रकार आहे, हे ज्याला कळतं त्यालाच या गावाचं मोठेपण कळेल. थोडक्यात, पैसा यायच्या आधी गावानं स्वतःचं काहीतरी सोडलं होतं. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारानं जो इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम संगमनेरच्या दरेवाडीसारख्या गावांत झाला, त्यातही आधी गावानं श्रमदान करून दाखवायचं, चराई बंद करायची, मग निधी, अशीच अट होती, आणि मेंढ्या कुठं चारायच्या यावरून तिथं बराच वादही झाला. वाद झाला म्हणजे सभा खरी होती. जिथं कुणाची मेंढी अडत नाही तिथल्या ठरावावर भांडायला कोण येणार? पण पाहुण्यांना बंद्या दिसत नाहीत. त्यांना स्वच्छ रस्ता आणि रंगवलेल्या भिंती दिसतात. घरी जाऊन ते पहिलं काम काढतात ते स्वागतकमानीचं. तिच्यावर लिहिलेलं असतं ‘आदर्श गाव’, आणि खाली सौजन्यकर्त्यांचं नाव गावाच्या नावापेक्षा दोन इंच मोठं.

दुसरा आक्षेप भावनिक आहे म्हणून जास्त चिवट आहे. गावं गरीब आहेत, स्वतःच्या पैशानं ती काय करणार? हा आक्षेप घेणाऱ्यानं श्रावणात गोदाकाठी जावं. गोदावरीतल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा अखंड हरिनाम सप्ताह दरवर्षी नव्या ठिकाणी भरतो, आणि ही परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. लाखो माणसं जेवतात. आजूबाजूच्या गावांतून भाकरी ट्रॉल्यांनी येतात, आमटी टँकरनं येते, एकादशीला साबुदाणा. कोणत्या गावानं कोणत्या दिवशी किती भाकरी द्यायच्या हे घरोघर ठाऊक असतं. यासाठी पोर्टल नाही, डोंगल नाही, लेखाशीर्ष तर नाहीच. अगदी लहान गावातला सप्ताह घ्या. वर्गणी ठरते, जमते, आणि मग भोंग्यावरून सुरू होतं ते जगातलं सर्वांत कडक सामाजिक लेखापरीक्षण. ‘अमुक यांच्याकडून एक हजार एक... तमुक यांच्याकडून पाचशे एक...’ ज्याचं नाव पुकारलं नाही तो घरात बसून ऐकत असतो, आणि ज्याचं पाचशेच पुकारलं त्याची बायको विचारते, ‘हजाराला काय धाड भरली होती?’ गहू किती आला, किती उरला, उरलेल्याचं काय झालं, यावर जी चर्चा होते तशी चर्चा जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत व्हावी म्हणून घटनेत आणखी एक दुरुस्ती करायला हरकत नाही. पैसा गावात आहेच. २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाला नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द कराव्या लागल्या. तिथं सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला होता, आणि बोली देवळासाठी होती. लिलाव गैर होता, आयोगानं योग्य केलं. पण गरिबीचा मुद्दा त्या बोलीखाली पार चेपून गेला.

मग हीच गावं घरपट्टी का भरत नाहीत? भरतात, पण मुहूर्तावर. ग्रामपंचायतीचा थकबाकीदार निवडणूक लढवू शकत नाही, त्यामुळं उमेदवारी अर्ज भरायचा आठवडा हा वसुलीचा खरा हंगाम. पॅनल जितकी जास्त तितकी वसुली चांगली, आणि तिरंगी लढत झाली तर पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा पगारही सुटतो. इतर वेळी वसुली दाखल्यावर चालते. ‘भाऊसाहेब, रहिवासी दाखला पाहिजे होता.’ ‘देतो की. घरपट्टी?’ ‘ती पुढच्या वेळी.’ ‘मग दाखलाही पुढच्या वेळी.’ यात दोघेही एकमेकांना पूर्ण ओळखून असतात. पण लोक का भरत नाहीत याचं कारण कंजूषपणा नाही. सप्ताहाला भाकरी दिली की आमटी दिसते. घरपट्टी दिली की काय दिसतं? हायमास्ट, आणि तो तर साहेबांच्या कृपेनं आलेला, तसा फलकच आहे. दिवा आपल्या पैशातून आलाय हे गावाला कधी सांगितलंच नाही, तर त्याचा बल्ब गेल्यावर गाव आपणहून वर्गणी काढेल ही अपेक्षा तरी कशी करायची? जो देतो त्याचंच नाव घ्यायचं, ही शिस्त आपल्या नेत्यांनी भोंग्यावरून उचलली. फक्त देणारा बदलला.

इतकं वाचल्यावर एखादा जाणकार साखर कारखान्याचा दाखला पुढं करील, आणि तो दाखला माझ्या म्हणण्याला जड जाणारा आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं, शेतकऱ्यांचे भाग गोळा करून सहकारी कारखाना काढला आणि १९५०-५१ मध्ये त्याचं गाळप सुरू झालं. तिथं तर पैसा सभासदाच्या स्वतःच्या खिशातला. तरी जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या वार्षिक सभा काय सांगतात? विषय क्रमांक एक वाचायला सुरुवात होते न होते तोच मागून ‘मंजूर! मंजूर!’ आणि विषय क्रमांक बारा संपायच्या आत मंडपात जेवणाच्या पंगती. स्वतःचा पैसा लावला की माणूस जागरूक होतोच, असा सिद्धान्त त्या आरोळीत विरघळतो. हे खरं आहे, आणि मला ते मान्य करायला हवं. पण त्याच सभासदाला पहिली उचल किती जाहीर झाली, शेजारच्या कारखान्यानं किती दिली, फरक किती आणि वजनकाट्यावर आपली ट्रॉली किती कमी भरली, हे एकेका रुपयानं आणि किलोनं पाठ असतं. ताळेबंद त्याला कळत नाही म्हणून तो मंजूर करतो. काटा कळतो म्हणून तो भांडतो. ग्रामपंचायतीच्या कारभारात आपण त्याच्यापुढं ताळेबंदच ठेवले, काटा कधी ठेवलाच नाही.

शेवटचा आक्षेप अधिकाऱ्यांचा असतो आणि तो हळू आवाजात सांगितला जातो. पैसा मोकळा सोडला तर सगळा देवळात आणि कमानीत जाईल. काही जाईल, यात वाद नाही. पण बांधून ठेवलेल्या पैशाच्या काळातही कमानी वाढल्याच की. निविदेची मर्यादा आडवी आली तर एका रस्त्याचे तीन रस्ते होतात, तसं बंधनाचं नाव बदलून काम तेच राहतं. आणि बंधनं काही फक्त परिपत्रकातून येत नाहीत. २०२० च्या अखेरीला पारनेर तालुक्यात तेव्हाचे आमदार निलेश लंके यांनी बिनविरोध निवडणूक करणाऱ्या गावांना २५ लाखांचा विकासनिधी जाहीर केला. हेतू भांडणं टाळण्याचा, आणि कोरोनाच्या वर्षात तो समजण्यासारखा. पण गावानं पाच वर्षांतून एकदा मिळणारी भांडायची संधी सोडायची आणि बदल्यात रस्ता घ्यायचा, असा तो सौदा होतो. हिवरे बाजारातही तीस वर्षांच्या बिनविरोध परंपरेनंतर २०२१ मध्ये मतदान झालं, पवारांचं पॅनल निवडून आलं आणि पाण्याचा ताळेबंद चालूच राहिला. आभाळ कोसळलं नाही.

तेव्हा नवा निधी नको, नवी योजना तर नकोच. जे आहे ते सप्ताहाच्या भोंग्यावर वाचावं, एवढंच मागणं आहे. कीर्तन सुरू व्हायच्या आधी, सगळं गाव बसलेलं असताना, वर्गणीच्या यादीला जोडून वाचायचं. ‘पंधराव्या वित्त आयोगाकडून तीन लाख नव्वद हजार... अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत... लांबी इतकी, जाडी सहा इंच...’ इथं बायकांच्या बाजूनं कुणीतरी विचारेलच, ‘किती इंच म्हणालात?’ कारण त्या रस्त्यावरून रोज हंडा घेऊन चालणारीला जाडी ग्रामविकास खात्यापेक्षा जास्त ठाऊक असते. ही सूचना बिनखर्चाची असल्यानं ती शासनानं स्वीकारण्याची शक्यता कमी आहे. पण समजा स्वीकारली, तर पुढं काय होईल तेही दिसतं. शासन निर्णय निघेल. ‘ग्राम ध्वनिक्षेपक व सुश्राव्यता समिती’ स्थापन होईल, सरपंच पदसिद्ध अध्यक्ष, ग्रामपंचायत अधिकारी सचिव, निम्म्या जागा महिलांना, मुख्याध्यापक निमंत्रित. तिचं स्वतंत्र रजिस्टर येईल, आणि बिलासाठी एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिकाही. प्रशिक्षण पुण्याला यशदामध्ये होईल आणि अभ्यास दौरा शिर्डीमार्गे. आणि भोंगा खरेदीचा प्रस्ताव तहकूब सभेत मांडला जाईल, तेव्हा एखादे म्हातारबाबा मागून म्हणतील, ‘नवा कशाला, भाऊसाहेब? देवळावर भोंगा आहे ना.’

‘आहे की बाबा. पण त्याची एमबी कशी लिहू?’